दाबून धरायचं बटण

५ फेब्रुवारी, सोमवार

पडदा आला — बटण नाही!

सकाळी टेम्पोतून ते लांबलचक खोकं उतरलं. हॉलच्या दारातून आत जाईना. तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, शेवटी बाजूच्या खिडकीतून सरकवलं. आत सगळं होतं. सिनेमा दाखवायचा पांढराशुभ्र पडदा, तो गुंडाळायची नळी, नळीतली मोटर, स्क्रूच्या पुड्या, एक हातमोजा (एकच! कुणाचा?). फक्त हा पडदा वर-खाली कशाने करायचा, तेवढं नव्हतं. दुकानदाराला फोन लावला. म्हणे, "मॅडम, स्विच तुम्ही निवडायचा असतो. बरेच प्रकार आहेत. कळवा, पाठवतो." घर बांधून झाल्यावर जिना कुठे ठेवू म्हणून विचारण्यातला प्रकार!

मंडळाचे अध्यक्ष तिथेच होते. लगेच म्हणाले, "रिमोट! त्यात निवडायचं काय?" यांच्या घरी सगळं रिमोटवर चालतं. फाटक, पंखे, खिडक्यांचे पडदे. बायको तेवढी चालत नाही, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

पडदेकाका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी खोक्यावर कलिंगडावर मारतात तशा दोन टिचक्या मारल्या, कान लावला, आणि विंगेत जाऊन आपल्या स्टुलावर बसले.

काकांचं खरं नाव हजेरीपत्रकावर आहे, पण ते वाचायला मलाही चष्मा लावावा लागेल. मी इथे व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा ते होतेच. नाटक म्हटलं की डावीकडच्या विंगेत, स्टुलावर, हातात दोरी. पुढे नाटकं कमी होत गेली, पडदा विरत गेला, आणि मागच्या वर्षी एका भाषणाच्या मधोमध टर्रकन फाटला. तो उतरवला. दोरी अजून लोंबते. काका रोज येतात आणि तिच्या कप्पीला तेल घालतात.


६ फेब्रुवारी, मंगळवार

आज कळलं अध्यक्षांच्या मनात काय आहे ते. ऑफिसात आले, दार लावलं (म्हणजे काहीतरी वाईट बोलायचंय), आणि म्हणाले, "आता मोटर आली. काकांना मोकळं करू. मानधन चालू राहील, उगाच गैरसमज नको. पण रोज यायची गरज नाही. उद्घाटनाला एक फोटो काढू, चार शब्द बोलू."

मोकळं करू! काका काय पिंजऱ्यात आहेत?

माझं डोकं असं फिरलं की काय बोलले ते आठवत नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली. रिमोट आला की पडदा कोणीही पाडेल. अध्यक्ष पाडतील, पाहुणे पाडतील, पाहुण्यांचं पोर पाडेल. विंगेत माणूस लागणारच नाही. म्हणजे काकांचं स्टूल राहणार की जाणार, ते या एका स्विचवर ठरणार. तेव्हा मला असा स्विच शोधला पाहिजे, ज्याला माणूस लागतो. लागतोच!

रात्री जेवताना घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "काकांना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

त्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. हे काम मी त्यांना मुद्दाम दिलंय. लसूण तयार सोललेलाही मिळतो, पण त्यांना वाटलं पाहिजे ना, की स्वयंपाकघर अजून आपल्यावर चालतं! कोणाचं मन कशात आहे, ते मला बरोबर कळतं. सांगावं लागत नाही.

काका विंगेतच राहणार. बघतेच कोण हलवतं ते.


८ फेब्रुवारी, गुरुवार

वायरमन आली. (बाई आहे. 'वायरवुमन' म्हटलं की पक्कड खाली ठेवते आणि तुमच्याकडे बघत राहते. म्हणून वायरमन.) तिला म्हटलं, सगळे प्रकार समजावून सांग, आणि हळू सांग.

रिमोट तर माहीतच आहे. दुसरा भिंतीवरचा साधा स्विच. एकदा टिचकी मारली की पडदा आपला आपण शेवटपर्यंत येतो, तुम्ही चहा प्यायला जा. तिसरा त्याहून आगाऊ. त्याची वायर प्रोजेक्टरला. प्रोजेक्टर लावला की पडदा न सांगता खाली, बंद केला की न सांगता वर. मी म्हटलं, हा अध्यक्षांच्या कानावर जाता कामा नये. चौथा किल्लीचा. किल्ली कोणाकडे राहणार? अध्यक्षांकडे. बाद!

"आणखी?"

"आणखी एक असतो," ती म्हणाली, "पण तो या कामाला कोणी घेत नाही. दाबून धरायचा. बोट आहे तोवर पडदा चालतो. बोट काढलं की जागच्या जागी थांबतो."

"मग का नाही घेत कोणी?"

"माणूस अडकून पडतो ना, मॅडम."

मी तिला मिठीच मारणार होते! माणूस अडकून पडतो. अगदी हेच, हेच हवं होतं मला. तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि चहा मागितला.

जाताना काकांनी तिला गाठलं. "हा पडदा खाली आला की खेळ सुरू?"

"हो."

"आणि वर गेला की संपला?"

"हो."

"उलटं!" काका एवढ्या जोरात म्हणाले, की वरचं कबुतर उडालं. "सुरुवातीलाच पडदा पाडायचा? अहो, पडदा पडला म्हणजे संपलं सगळं! लोक उठून चपला शोधतील."

त्यात तथ्य आहे म्हणा. आपल्याकडे पडदा पडणं ही काही चांगली बातमी नसते.


९ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वप्न पडलं. अध्यक्षांच्या हातात रिमोट आणि मी वर-खाली, वर-खाली.


१२ फेब्रुवारी, सोमवार

आज कार्यकारिणीची बैठक. अध्यक्षांनी दुकानदाराकडून नमुन्याचा रिमोट मागवला होता, दोन दिवसांच्या बोलीवर. वायरमनने पडदा तात्पुरता टांगून दिला. मी रुसून मागे बसले होते, कारण खरं सांगायचं तर तो रिमोट देखणा होता. पांढरा, गुळगुळीत, तळहातात मावणारा.

अध्यक्ष स्टेजपुढे उभे राहिले. बटण दाबलं. पडदा सरसर खाली आला. टाळ्या! "पाहिलंत?" म्हणाले. "कुणी आत नको, कुणी बाहेर नको. बसल्या जागेवरून!" आणि खुर्चीत बसले.

बसले मात्र — पडदा वर निघाला. अध्यक्ष चपापले. उठले. पडदा थांबला. "मोटर नवी आहे," म्हणून पुन्हा बसले. पडदा खाली. चिटणीस म्हणाले, "आपोआप चालतोय!" खजिनदार म्हणाले, "शॉर्ट आहे!" अध्यक्ष अस्वस्थ होऊन खुर्चीत इकडे सरकले, पडदा वर, तिकडे सरकले, पडदा खाली. मागच्या रांगेत मी पदर तोंडात कोंबला. रिमोट अध्यक्षांच्या मागच्या खिशात होता. त्याच्यावरच बसले होते ते!

शेवटी वायरमननेच शांतपणे सांगितलं, "साहेब, जरा उभे राहता का? तुमची बैठक पडद्याला लागतेय."

हसून हसून माझ्या बरगड्या दुखताहेत. निर्णय उद्यावर गेला.


१३ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकले!!

रात्रभर विचार करून एकच शब्द घेऊन गेले होते: सुरक्षितता. काकांचा 'क'सुद्धा काढला नाही. म्हटलं, पडद्याच्या खालच्या काठाला लोखंडी दांडी आहे. काल आपण पाहिलंच, रिमोटवर कोण कधी बसेल सांगता येत नाही. उद्या एखादे प्रमुख पाहुणे भाषण करताहेत आणि दांडी त्यांच्या डोक्यात — मी पुढे बोललेच नाही. थांबले. थांबणं फार उपयोगी पडतं. खजिनदारांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.

मग दाबून धरायच्या स्विचचं नाव काढलं. बोट काढलं की जागच्या जागी बंद. आणि अर्थात तो विंगेतच हवा, जिथून दांडी दिसते. आणि अर्थात तिथे जबाबदार माणूस हवा, रोजचा, अनुभवी. "आता असा माणूस कुठून आणायचा, ते तुम्हीच ठरवा," म्हटलं आणि भोळा चेहरा केला.

"काका आहेतच की," चिटणीस म्हणाले. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं! पण कालच्या बैठकीनंतर ते जरा पडतं घ्यायच्याच मनःस्थितीत होते. मंजूर.

धावत विंगेत गेले. काका कप्पीला तेल घालत होते. सगळं सांगितलं. स्विच इथे बसणार, तुमच्या स्टुलाच्या बाजूला, आणि तुमच्याशिवाय पडदा हलणार नाही.

"म्हणजे मी इथेच?" काकांनी विचारलं.

"इथेच! कोणाची टाप नाही तुम्हाला इथून हलवायची."

काकांनी कप्पीवरचं जादा तेल पुसलं. तेलाचा डबा घट्ट बंद केला. मग म्हणाले, "बरं."

केवढा आनंद झाला असणार! मला तर झालाच. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "'बरं' म्हणाले? एवढंच?" याला माणसं कळत नाहीत.


१६ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्घाटनाला काय दाखवायचं यावर तीन दिवस वाद. अध्यक्षांना पाण्याखालच्या माशांचा माहितीपट हवा होता. मग कोणालातरी आठवलं, आपल्या मंडळाच्या त्या जुन्या सासरा-जावयाच्या नाटकाची व्हिडिओ टेप आहे! जावयाचं काम करणाऱ्या नटाच्या भाच्याने एका प्रयोगाला मागे उभं राहून घेतलेली. इतकी वर्षं त्यांच्या माळ्यावर गाद्यांखाली होती. एका दुकानातून ती नीट करून आणली. आज ऑफिसात थोडी लावून पाहिली.

आणि मिशीचा प्रसंग आला! काय सांगू. जावई सासऱ्यापुढे गंभीरपणे मान डोलवत बसलाय, खोटी मिशी लावून. मिशी एका बाजूने सुटते. तो ओठ वाकडा करून सावरतो. दुसऱ्या बाजूने सुटते. सासरा बोलतोच आहे. मिशी कपात पडते. जावई क्षणभर कपाकडे बघतो, आणि करायचं काय म्हणून सगळा चहा पिऊन टाकतो. कप खाली ठेवतो तेव्हा मिशी हनुवटीला! एक शब्द नाही कोणाचा. आणि हॉल नुसता कोसळतो. आज मी आणि चिटणीस दोघंही खुर्चीवरून पडायच्या बेतात.

काकांना सांगायला गेले, कोणतं नाटक लावतोय ते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मोठ्या हशाचं!" म्हणाले. त्यांना नाटकं अशीच आठवतात, कुठे केवढा हशा, कुठे शांतता, कुठल्या हुंदक्यानंतर दोरीला हात घालायचा. या नाटकात मोठा हशा पूर्ण ओसरू द्यायचा आणि मग अंक संपवायचा, घाई केली तर हशा पडद्यात अडकतो, असं त्यांचं म्हणणं.

एक मात्र मनाला लागलं. मी गेले तेव्हा काका विंगेत नव्हतेच. समोर, प्रेक्षकांच्या खुर्च्यांत, तिसऱ्या रांगेत अगदी मधोमध बसले होते. एकटेच. वर गुंडाळलेल्या पडद्याकडे बघत. जुन्या पडद्याची आठवण येत असणार! म्हटलं, "उठा काका, असं परक्यासारखं समोर काय बसायचं?" आणि हाताला धरून त्यांना त्यांच्या जागी नेऊन बसवलं.


१९ फेब्रुवारी, सोमवार

स्विच आला. वायरमनने बसवला. दोन मोठी बटणं, एकावर बाण वर, एकावर बाण खाली. काकांनी मुहूर्त केला. 'खाली'चं बटण दाबलं. पडदा जिथे होता तिथेच, वर. पुन्हा दाबलं. ढिम्म! वायरमनने 'वर'चं दाबलं, तर पडदा खाली.

"वायरी उलट झाल्या," ती म्हणाली. कान लाल. "दोन मिनिटांत करते."

"थांबा!" काका. "हेच बरोबर आहे."

"काका, 'वर' दाबलं की खाली येतोय."

"'वर' म्हणजे सुरू. पडदा वर म्हटलं की खेळ सुरू, जगात सगळीकडे. 'खाली' म्हणजे संपला. आता तुमचा पडदा उलट्या डोक्याचा आहे त्याला मी काय करू? बटणं बरोबर आहेत."

वायरमन माझ्याकडे बघायला लागली. मी काकांच्या बाजूने. म्हटलं, काकाच दाबणार आहेत, त्यांना कळतंय ना, मग राहू दे. तिने डब्याचं झाकण लावलं आणि बडबडली, "उद्या दुसरं कोणी आलं तर?"

"दुसरं कोण येतंय!" मी म्हटलं.


२० फेब्रुवारी, मंगळवार

आलं! अध्यक्ष. दुपारी काका जेवायला गेले असताना गुपचूप विंगेत शिरले, 'खाली' दाबलं, आणि पडदा बिघडला म्हणून मला फोन. मी म्हटलं, "काकांना विचारा."

समाधानाचा दिवस.


२२ फेब्रुवारी, गुरुवार

रंगीत तालीम. पडद्याची कसली रंगीत तालीम, असं चिटणीस म्हणाले, पण काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी खालून ओरडले, "पाडा पडदा!" काका विंगेतून ओरडले, "संपलं?" मी म्हटलं, "नाही, सुरू करायचंय!" "मग असं अभद्र काय बोलता? पडदा वर म्हणा!" म्हणून मी "पडदा वर!" म्हटलं आणि पडदा खाली आला. खजिनदार डोकं धरून बसले.

एवढंच की पडदा उतरायला वेळ लागतो आणि तोवर बोट तसंच दाबून धरावं लागतं. काकांचं बोट पांढरं पडलं. वायरमन म्हणाली, "मॅडम, अजून वेळ आहे. रिमोट जोडते. काकांच्याच हातात देऊ."

"छे! रिमोट आला की तो कुठेही बसून चालवता येतो."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

मी तिला गप्प केलं. स्वभावाने चांगली आहे, पण या गोष्टींतलं बारकं तिला अजून कळत नाही. काकांना विचारलं, बोट दुखतं का? म्हणाले, "दोरीने सगळा हात दुखायचा. हे काहीच नाही." बघा!

मग पडद्यामागे गेले आणि मागच्या बाजूला हात लावून उभे राहिले. "ही बाजू काळी आहे," म्हणाले.

"हो, काळीच असते. चित्र सांडत नाही आरपार."

"आरपार काहीच दिसत नाही?"

"काहीच नाही!" वायरमन अभिमानाने म्हणाली. "एक नंबर कापड आहे."


२४ फेब्रुवारी, शनिवार

झालं! दणक्यात झालं!

हॉल गच्च. उभं राहायला जागा नाही. अध्यक्षांचं भाषण लांबलं, पण दांडीच्या भीतीने ते सारखे वर बघत होते, त्यामुळे नेहमीपेक्षा निम्म्यात आटोपलं. दिवे गेले. मी हळूच म्हटलं, "पडदा वर," आणि आमचा पडदा थाटात खाली आला. एकाच वेगात, न अडखळता. काकांचं बोट!

जुनी माणसं स्वतःला पडद्यावर बघून रडत होती, हसत होती. सासऱ्याचं काम करणारे गृहस्थ काठी टेकत आले होते. स्वतःचे संवाद स्वतःच्याआधी म्हणत होते.

मिशीचा प्रसंग आला. टेपमधला हॉल हसला आणि इथला हॉलही हसला, दोन हॉल एकदम! छप्पर उडायचंच बाकी होतं. आणि तेवढ्यात पडद्याच्या डाव्या काठाशी काहीतरी हललं. काकांचं डोकं! काठाला धरून, मान जेवढी लांब होईल तेवढी लांब करून, पडद्याकडे वळून बघायचा प्रयत्न. इतक्या जवळून आणि इतक्या तिरकं काय दिसणार? पुढच्या रांगेतली पोरं त्यांच्याकडे बोट दाखवायला लागली. मी डोळे वटारले, हाताने 'आत, आत' केलं. काका चटकन आत गेले.

बाकी सगळं निर्विघ्न. शेवटी काकांनी हशा ओसरू दिला, टाळ्या ओसरू दिल्या आणि मग पडदा उचलला. अध्यक्षांनी स्वतः स्टेजवर बोलावून त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "तुमच्याशिवाय पडदा हलत नाही." माझंच वाक्य! पण जाऊ दे. आज मी सगळ्यांना माफ केलंय.

घरी येताना नवऱ्याला म्हटलं, एका माणसाची जागा राखली मी. तो म्हणाला, "हो, राखलीस." बस्स, एवढंच. कधी मोकळेपणाने कौतुक म्हणून नाही.


२५ फेब्रुवारी, रविवार

लसणाचं ताट सासूबाईंपुढे ठेवलं. म्हणाल्या, "आज तू सोल. मला नाही आवडत ते. नखं दुखतात." कधीपासून? "पहिल्यापासून." मग बोलला का नाहीत? "तू इतक्या प्रेमाने आणून ठेवायचीस."


२६ फेब्रुवारी, सोमवार

काका सकाळी ऑफिसच्या दारात येऊन उभे. "बाई, एक विचारू? हसणार नसाल तर." विचारा की. "त्या मिशीला काय होतं हो?"

मला कळेचना. मग सांगितलं त्यांनी. तालमीत मिशी कोणी लावायचं नाही. प्रयोगात जावई बसायचा तो यांच्या विंगेकडे पाठ करून. नटांना विचारलं तर म्हणायचे, ते बघायचं असतं काका, सांगायचं नसतं. "इतकी वर्षं तिथे लोक हसतात आणि मी दोरी धरून उभा. वाटलं, आता मोटर आली, आता समोर बसून बघू. पण तुम्ही माझ्यासाठी एवढं भांडलात."

सांगायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

दुपारी हॉल बंद ठेवला. वायरमनने टेप लावली. काकांना विचारलं, कुठे बसता? ते तिसऱ्या रांगेत गेले, मधोमध. मी विंगेत. 'वर' दाबून धरलं. बोट चांगलंच दुखतं. पडदा खाली आला आणि माझ्यापुढे नुसतं काळं कापड. मी त्यांच्या स्टुलावर बसून राहिले.

मोठा हशा आला. टेपमधले लोक हसले. हॉलमधून काही आवाज नाही. मग काकांचा आवाज, स्पष्ट: "एवढंच?"

पुन्हा काही नाही. आणि मग काका हसायला लागले. थांबेचनात! टेपमधली माणसं गप्प झाली, सासरा पुढचं बोलायला लागला, तरी ते आपले हसतच होते. हसताना कसे दिसत होते, ते मला काही दिसलं नाही.